घरशाळा, नववी-दहावी आणि वाचनातून अभ्यास : पुस्तकं निवडायची कशी?

ओवी_सांगली | २ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज विचारून टाकते.

लेक चौदा वर्षांची आहे. पाचवीनंतर ती शाळेत गेलेली नाही, घरीच शिकते. दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून द्यायची ठरलंय. त्याला चौदा पूर्ण लागतात, पाच विषय लागतात आणि एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते. त्यामुळे घाई नाही. दोन वर्षं निवांत अभ्यास करायचा आणि मग परीक्षा. या दोन वर्षांत मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र मुख्यतः पुस्तकं वाचून शिकायचं, पाठ्यपुस्तक शेवटच्या चार-पाच महिन्यांत हातात घ्यायचं, असं आम्हा दोघींचं ठरलंय.

मी यादी करायला बसले आणि ती ४१ वर गेली. घरातली, वाचनालयातली, मैत्रिणींकडची, सगळी पुस्तकं दिवाणावर मांडली. लेक एकेक उचलून मागचं पान वाचत होती आणि परत ठेवत होती. शेवटी म्हणाली, "आई, हे सगळं तुला वाचायचंय." खरंच होतं ते.

आता गाळायची कसोटी काय लावू? माझं मत असं, की इतिहासासाठी ऐतिहासिक कादंबऱ्या नकोत. जो माणूस त्या काळात होता, ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्याचं पुस्तक द्यावं. १८५७ शिकायचंय तर गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. एकोणिसाव्या शतकातली बाईची जिनगानी समजून घ्यायचीय तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. पण ही भाषा चौदा वर्षांच्या मुलीला पेलेल का? आणि वर्षाला पुस्तकं किती? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

वाचनवेडी | २ जून, रात्री १०:४१

वाचनखूण साठवली. माझा मुलगा सातवीत आहे, दोन वर्षांनी हाच प्रश्न मला पडणार.

---

बापूसाहेब_६२ | २ जून, रात्री ११:०५

ओवीताई, मी तीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं. निवृत्त आहे. शाळा सोडून शिकवणं मला स्वतःला पटत नाही, हे आधीच सांगतो. चाळीस मुलांत बसून कविता ऐकणं आणि एकटीनं ऐकणं यात फरक आहे. पण तुमचा निर्णय झालाय, तेव्हा त्यावर वाद घालत नाही.

कादंबरी नको हे मात्र मान्य नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरीच आहे ना? १९५५ ची. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर तरणा मास्तर जातो, शाळा उघडतो, पोरांच्या निमित्ताने गावात मिसळतो, तालीम बांधून घेतो, आणि शेवटी दुष्काळात गाव उठून जातं. एवढ्या पानांत संस्थानी मुलूख, मेंढपाळाचं अर्थकारण, शाळेचं गावातलं स्थान, सगळं येतं. समाजशास्त्राच्या पुस्तकात 'स्थलांतर' नावाचा धडा असतो. तो वाचून माझ्या वर्गातलं एकही पोर गप्प झालं नाही. 'बनगरवाडी'ची शेवटची पानं वाचली की वर्ग गप्प व्हायचा.

---

ओवी_सांगली | ३ जून, सकाळी ७:२०

@बापूसाहेब, मनापासून आभार. तुमचं बरोबर आहे, मी नीट मांडलं नाही. माडगूळकर त्या मातीतलेच. मला म्हणायचं होतं ते तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या तोंडी आजचे संवाद घालणाऱ्या कादंबऱ्यांबद्दल. मुलं तोच इतिहास समजतात.

---

गडवाट | ३ जून, सकाळी ९:१०

इथे थोडा विरोध नोंदवतो. मला इतिहासाची गोडी रणजित देसाईंच्या 'स्वामी'नं लावली. दहावीच्या सुट्टीत वाचली, नंतर माधवराव पेशव्यांची पत्रं शोधत गेलो. कादंबरी दार उघडते. दारातच बसून राहिलं तर दोष आपला.

माझा उपाय सांगतो. विषय एक, पुस्तकं दोन. पानिपत घ्या. विश्वास पाटलांची 'पानिपत' मुलांना आवडतेच. तिच्यासोबत 'भाऊसाहेबांची बखर' ठेवायची. सगळी नाही, दहा-पंधरा पानं. मग मुलीला एकच प्रश्न : हे कादंबरीकाराला कुठून कळलं असेल, आणि हे त्यानं मनानं घातलं असेल का? शिवकाळासाठी सभासदाची बखर आहेच. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेली, छोटीशी. भाषा पहिले तीन दिवस अडते, चौथ्या दिवशी कान तयार होतो.

---

डॅलसची_सई | ३ जून, सकाळी १०:३२

आम्ही टेक्सासमध्ये. इथे घरशाळा म्हणजे कायद्यानं खाजगी शाळाच, त्यामुळे हायस्कूलची गुणपत्रिका आईवडील स्वतः तयार करतात. मोठ्या मुलीची चारही वर्षं अशी झाली, आता ती कॉलेजात आहे. म्हणून थोडं अधिकारानं लिहिते.

पहिलं, संख्या. पहिल्या वर्षी मी २४ पुस्तकं लावली होती. डिसेंबरात मुलगी रडायला लागली. दुसऱ्या वर्षी नऊ ठेवली. त्यातली तीन तिच्या आवडीची, त्यांवर मी एकही प्रश्न विचारायचा नाही असा करार. ते वर्ष सगळ्यात छान गेलं.

दुसरं, वाचल्यावर काय? शार्लट मेसन (१८४२–१९२३) नावाच्या इंग्रज शिक्षिकेची पद्धत इथले बरेच घरशाळावाले वापरतात. प्रकरण एकदाच वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. मध्ये टोकायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण मूल काय ऐकतंय हे त्यातून जितकं कळतं तितकं प्रश्नोत्तरांतून कधीच कळलं नाही. मोठ्या मुलांनी सांगून झाल्यावर लिहायचं.

तिसरं, आम्हा परदेशातल्यांसाठी. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलंय, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. माझ्या मुलीनं अमेरिकेचा इतिहास वाचताना हे बरोबर घेतलं. आपल्या भाषेतली एक बाई आपण राहतो त्या देशाकडे सव्वाशे वर्षांपूर्वी पाहतेय, ही गोष्ट तिला फार जवळची वाटली. मग आनंदीबाई जोशी आल्या, १८८६ च्या डॉक्टर. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या दफनभूमीत आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. मुलगी तिथे बराच वेळ उभी होती.

---

वाचनवेडी | ३ जून, सकाळी १०:५०

सईताई, प्रतिसाद फार आवडला. मध्ये टोकायचं नाही हे मला जमणार नाही, पण प्रयत्न करीन.

---

बर्लिनवासी | ३ जून, दुपारी १:१५

आमच्याकडे जर्मनीत घरशाळेला बंदी आहे, शाळेत जावंच लागतं. त्यामुळे मी हे सगळं शनिवार-रविवारी मुलाबरोबर करतो. 'फास्टर फेणे' संपवून आता मिलिंद बोकीलांचं 'शाळा' सुरू केलंय. १९७५ ची आणीबाणी त्याला त्यातल्या नववीच्या मुलांच्या गप्पांतून कळली.

---

वऱ्हाडी_ठेचा | ३ जून, दुपारी ३:०८

तुमच्या सगळ्यांच्या याद्या पुण्या-साताऱ्याच्या आसपासच फिरून राहिल्या. विदर्भ कुठे आहे हो?

उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या, १९६० ची. कौतिकचं पोट भरायची लढाई, आणि बोली अस्सल वऱ्हाडी. ज्या पोरीनं फक्त प्रमाण मराठी ऐकली तिले ती मोठ्यानंच वाचून दाखवा, डोळ्यांनी वाचली तर अडते. सदानंद देशमुखांची 'बारोमास' आजच्या शेतकऱ्याची. ती दहावी झाल्यावर द्या, जड जाते मनाले. आणि ताराबाई शिंदे आमच्या बुलढाण्याच्या. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये छापली. छोटं पुस्तक आहे, पण बाई काय तडकून लिहिते! माह्या पुतणीनं वाचलं आणि तीन दिवस घरातल्या पुरुषांना प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. भाऊ म्हणे, पुस्तक परत कर वाचनालयात.

---

सहज_सुमन | ३ जून, दुपारी ४:४०

दलित आत्मकथनं कोणीच सुचवली नाहीत. मुद्दाम विचारते, दया पवारांचं 'बलुतं' चौदाव्या वर्षी द्यावं का? माझ्या शेजारणीच्या मते नको, भाषा आणि प्रसंग मोठ्यांचे आहेत.

---

निळी_पहाट | ३ जून, सायंकाळी ६:२२

@सहज_सुमन, ताई, यावर मला बोलायचंच आहे.

मी त्याच वस्तीतून आले. 'बलुतं' (१९७८) आमच्या घरात होतं आणि मी बाराव्या वर्षी चोरून वाचलं. मला त्यानं बिघडवलं नाही. आपल्या माणसांवरही पुस्तक होऊ शकतं हे मला पहिल्यांदा कळलं. पण माझं बाहेर जगून झालं होतं, पुस्तक नंतर आलं. जिनं ते जगणं पाहिलंच नाही तिला ते देताना शेजारी कुणीतरी बसलेलं असावं. नुसतं हातात देऊन निघून जाऊ नका. मुंबईतल्या कावाखाना वस्तीची पानं वाचताना तिला प्रश्न पडणार, आणि त्यांना उत्तर द्यायची तयारी नसेल तर दोन वर्षं थांबा.

सुरुवात वेगळ्या ठिकाणी करा. ओवीताई, तुमची लेक चौदाची ना? मुक्ता साळवेचा निबंध द्या. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग मुलगी, वय साधारण चौदा. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. काही पानांचाच आहे. तुमची कसोटी हीच ना, की ज्यानं पाहिलं त्यानं लिहिलेलं? मग याहून जवळचा साक्षीदार कुठून आणणार?

त्यानंतर बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं'. त्यात बाया आहेत, स्वयंपाक आहे, सण आहेत, उपासमार आहे. मुलींना ते लवकर भिडतं. मग अण्णाभाऊंची 'फकिरा'. 'बलुतं' आणि लक्ष्मण मानेंचं 'उपरा' अकरावी-बारावीसाठी ठेवा. पण ठेवा नक्की, यादीतून काढू नका.

---

सहज_सुमन | ३ जून, सायंकाळी ६:५०

खूप आभार. मुक्ता साळवे यांचं नाव ऐकलं होतं, निबंध वाचला नव्हता. आत्ता वाचला. अंगावर काटा आला.

---

बापूसाहेब_६२ | ३ जून, रात्री ८:३०

@निळी_पहाट, शेजारी बसण्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं. मी वर्गात 'उपरा'मधला उतारा घेतला होता तेव्हा एका पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. पुढच्या वर्षी मला तो घेऊ दिला नाही. त्याची खंत अजून आहे. घरशाळेत तुम्हाला तसं कुणी अडवणार नाही, याचा फायदा घ्या.

आणखी एक, फुल्यांचं 'गुलामगिरी' (१८७३). ते संवादरूपात आहे, जोतीराव आणि धोंडीराव बोलतात. दोघांनी दोन भूमिका घेऊन मोठ्यानं वाचायचं.

---

चहा_दोनदा | ३ जून, रात्री ९:०२

एक अगदी साधी विनंती. या धाग्यातली सगळी पुस्तकं मिळून पोरीला दोन वर्षं दुष्काळ, उपासमार, वैधव्य आणि लढाया. मध्ये हसायला काही ठेवा की! चिं. वि. जोशींचा चिमणराव, मिरासदारांची 'व्यंकूची शिकवणी', शंकर पाटलांची 'धिंड'. ग्रामीण जीवन त्यातही आहेच. आमच्याकडे 'धिंड' वाचताना आजोबांना ठसका लागला होता, पाणी द्यावं लागलं.

---

वाचनवेडी | ३ जून, रात्री ९:०५

+१. अगदी अगदी.

---

कागलचा_पाव्हणा | ३ जून, रात्री ९:४४

आनंद यादवांचं 'झोंबी' राहिलं की! आमच्या गावचं पुस्तक. पोरगं शिकायचं म्हणतंय, बाप म्हणतोय रानात चल. शाळंसाठी बापाशी, गरिबीशी, सगळ्यांशी झोंबी. घरी बसून शिकणाऱ्या पोरीनं ते वाचलंच पाहिजे, कारण तिथं शाळेत जायला मिळणं हीच केवढी मोठी गोष्ट हुती हे तिला कळंल. वाचून झाल्यावर ती तुम्हांस्नी काय विचारंल त्याची तयारी ठेवा, ताई.

---

ओवी_सांगली | ३ जून, रात्री १०:१२

@कागलचा_पाव्हणा, दादा, हे वाचून थोडा वेळ थांबले. नक्की घेते. तिनं विचारावं असं मलाही वाटतं.

---

अर्धा_डझन | ४ जून, सकाळी ८:१५

इंग्रजीचं काय करणार आहात? आम्ही एक प्रयोग केला. हेमिंग्वेची म्हाताऱ्या कोळ्याची कादंबरी आणि पुलंनी केलेला तिचा अनुवाद 'एका कोळियाने', दोन्ही समोरासमोर. आधी इंग्रजी परिच्छेद, मुलानं त्याचं मराठी करायचं, मग पुलंचं उघडायचं. पहिल्या आठवड्यात तो वैतागला. तिसऱ्या आठवड्यात एका ठिकाणी म्हणाला, "बाबा, इथं माझं जास्त बरं आहे." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

कविता हवी तर कोलटकरांची 'जेजुरी', १९७६ ची, मूळ इंग्रजीत. एकेक कविता सुटी वाचता येते. वाचा, मग खरोखर जेजुरीला जा आणि पायऱ्यांवर बसून परत वाचा.

---

गडवाट | ४ जून, सकाळी ९:०३

जागेवर जाऊन वाचायची कल्पना फार चांगली. पाचगणीजवळचं भिलार विसरू नका. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरात विषयवार पुस्तकं ठेवलीत, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा. मुलीला तिथे दोन दिवस मोकळं सोडा. ती कुठल्या घरात जास्त वेळ रमते ते लांबून बघा. तुमची अर्धी यादी तिथेच होईल.

---

नेमकंच | ४ जून, दुपारी १२:२०

परीक्षेचा मुद्दा कोणी नीट घेतला नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलानं एनआयओएसची दहावी दिलीय. वाचन कितीही दांडगं असलं तरी उत्तर ठरलेल्या गुणांत, ठरलेल्या वेळेत लिहायची सवय वेगळी. टीएमए म्हणजे घरून लिहून द्यायचे स्वाध्याय असतात, त्यांकडे दुर्लक्ष करू नका. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. आम्ही मराठी आणि सामाजिक शास्त्र आधी दिले, कारण वाचन ताजं होतं. गणित-विज्ञान सहा महिन्यांनी. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, पण त्यात ही मोकळीक नाही.

आणि जुन्या मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश जवळ ठेवा, नेटवर फुकट आहे. गोडसे भटजी वाचताना फार उपयोग होतो. वाचनाचा कंटाळा आला की बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक, १९७१ पासूनचे, तेही नेटवर आहेत.

---

ओवी_सांगली | १९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. साडेचार महिने झाले, तुम्ही सगळ्यांनी एवढं भरभरून लिहिलंत, तर काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

४१ ची यादी बाजूला ठेवली. सईताईंचं ऐकून वर्षाला नऊ. आतापर्यंत चार झाली : 'बनगरवाडी', 'स्मृतिचित्रे', 'गुलामगिरी' आणि तिच्या आवडीचं एक. मुक्ता साळवेचा निबंध सगळ्यात पहिला वाचला. लेकीनं तो वाचून वहीच्या पहिल्या पानावर फक्त लेखिकेचं नाव आणि वय लिहिलं. मी काही विचारलं नाही.

'स्मृतिचित्रे'ची भाषा पेलेल का, ही माझी भीती उगाच होती. वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण मी मेथी निवडताना तिच्याकडून ऐकलं. पुस्तक मिटून सांगत होती. सांगता सांगता जुडी हातात घेतली आणि म्हणाली, "ही मेथी त्यांच्या घरी आली असती तर किती वेळा धुतली असती गं?" मग पुढचा प्रश्न, "आणि धुवायचं कुणी?" हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. त्यावर आम्ही रात्री उशिरापर्यंत बोलत होतो. पाणी कुठून यायचं, कुणी आणायचं, कुणाला विहिरीवर जाता यायचं. तिथून 'गुलामगिरी'कडे आम्ही आपोआपच गेलो.

बापूसाहेब, 'गुलामगिरी' तुम्ही सांगितलंत तशीच वाचली. लेक जोतीराव, तिचे बाबा धोंडीराव. तिसऱ्या दिवशी आवाज इतका चढला की शेजारच्या काकू दारात आल्या, "काय झालं, भांडण आहे का?" मग त्याही अर्धा तास बसून ऐकत होत्या. आता रोज साडेआठला येतात. शाळेतली सोबत कमी पडते हा तुमचा मुद्दा मी विसरलेले नाही. ऐकणारं माणूस वाढलं की वाचन खरंच बदलतं.

एक फसलंसुद्धा. सभासदाची बखर सुरू केली होती, दहाव्या पानावर सोडून दिली. गडवाटदादा, कान तयार व्हायला आम्हाला चार दिवसांहून जास्त लागतील. उन्हाळ्यात परत घेऊ.

आता 'माझा प्रवास' सुरू आहे. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. घरचं कर्ज फिटावं म्हणून दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडात सापडले. लेकीनं भिंतीवर नकाशा लावलाय. भटजी जिथे पोचतील तिथे टाचणी, टाचण्यांना दोरा. झाशीपर्यंत दोरा पोचलाय. ती पुढे वाचायला तयार नाही, कारण तिथे काय होणार ते तिला माहितीय. दोन दिवस पुस्तक तसंच पालथं आहे.

---

निळी_पहाट | १९ ऑक्टोबर, रात्री ९:५८

पालथं राहू द्या, ताई. घाई करू नका. "धुवायचं कुणी?" हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

बापूसाहेब_६२ | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा. सांगलीला आलो तर साडेआठला मीही येईन, चालेल का?

---

ओवी_सांगली | १९ ऑक्टोबर, रात्री १०:१४

सर, नक्की या. धोंडीरावांची जागा तुम्हाला.

---

डॅलसची_सई | १९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

ओवीताई, तिच्या आवडीचं एक कोणतं ते सांगितलं नाहीत!

---

ओवी_सांगली | २० ऑक्टोबर, सकाळी ७:०५

मी लेक लिहितेय, आईच्या खात्यातून. माझ्या आवडीचं म्हणजे बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा. आजोबांच्या ट्रंकेत सहा सापडल्या, सगळ्यांची शेवटची पानं गेलेली आहेत. कुणाकडे त्यांच्या झुंझार या नायकाच्या कथांच्या जुन्या प्रती असतील तर प्लीज सांगा. आणि काल रात्री मी झाशीचं प्रकरण वाचलं. भटजी त्यातून जिवंत सुटतात. शेवटी गंगेची कावड घेऊन घरी येतात, एवढं मी मागून बघून घेतलं, म्हणून पुढे वाचू शकले.